गुरुजींचा कान



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीला परक्या भाषेचा उच्चार ही काय चीज असते हे वेगळं सांगावं लागत नसे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आपण लातूरकर हैदराबाद संस्थानात होतो. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि शाळेत वरच्या वर्गात गेलं की शिकण्याची भाषाही उर्दूच. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक आणि कायदासुद्धा उर्दूतून शिकवत. औशाच्या किंवा उदगीरच्या पोराला 'क' आणि 'क़', 'ग' आणि 'ग़', 'ज' आणि 'ज़' हे वेगवेगळे काढून दाखवावे लागत. ज्याला जमलं त्याचं 'शीन-क़ाफ़ दुरुस्त' आहे असं म्हणत. ज्याला नाही जमलं तो जन्मभर गावठी.

यातली गंमत पुढे आहे. उदगीरच्या पोराचं क़ाफ़ सुधारणारे जे हैदराबादी उस्ताद, त्यांचं स्वतःचं क़ाफ़ लखनौवाल्यांच्या लेखी बिघडलेलंच होतं. दखनी बोलणारा माणूस 'क़'चा 'ख़' करतो, क़ाज़ीसाहेबांचे ख़ाज़ीसाहेब होतात. म्हणजे लखनौ हैदराबादला हसत होतं, हैदराबाद उदगीरला, आणि उदगीरचा शिकलेला माणूस वाडीवरच्या चुलत्याला. राज्य गेलं, उर्दू गेली, पण हसण्याची ही उतरंड काही गेली नाही. 'काय करलालास?' असं विचारणारं आपलं पोर पुण्यात गेलं की दोन महिन्यांत 'काय करतोयस' म्हणायला शिकतं ते व्याकरणाच्या ओढीने नव्हे. आणि तेच पोर उद्या इंग्रजीचा शिक्षक होऊन आलं, की 'कालेज' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हसतं.

मला आज बोलायचं आहे ते या शिक्षकाबद्दल. दुसरी भाषा शिकवणाऱ्याला आपण घडवतो कसं, आणि त्या घडणीत उच्चाराला जागा कुठे आहे, हा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उच्चार शिकवणाऱ्याची जीभ विलायती असण्याची काही गरज नाही. त्याचा कान मात्र तयार हवा, आणि तो आधी स्वतःच्या मराठीवर तयार झालेला हवा. आपल्या अध्यापक विद्यालयांत नेमकं हेच राहून जातं.

पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९७५ साली ती रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे घराघरात पोचल्या. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. त्यातल्या प्राध्यापकात हेन्री स्वीट या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञाच्या काही छटा आहेत, असं शॉनेच प्रस्तावनेत म्हणून ठेवलं आहे. आपण लक्षात ठेवली ती फुलवाली. माझं लक्ष मात्र दर वेळी प्राध्यापकाकडे जातं. हा माणूस दोन वाक्यं ऐकून बोलणारा कुठल्या भागातला ते सांगतो. ही त्याची खरी विद्या. पुढे फुलवालीच्या तोंडातली भाषा काढून दुसरी बसवण्याचा जो उद्योग तो करतो, तो त्या विद्येचा एक उर्मट वापर झाला. आपण त्याची विद्या घेतली नाही. उर्मटपणा तेवढा घेतला.

आता आपल्या घरातलं बघू. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. निर्णय योग्य की अयोग्य यावर तेव्हा पुष्कळ शाई आटली, मी पुन्हा तिकडे जात नाही. एवढंच बघा, की ज्या गुरुजी-बाईंवर हे काम पडलं ते स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले होते. तेही व्याकरण-भाषांतर पद्धतीने, इंग्रजी फारसं न बोलणाऱ्या शिक्षकांकडून. बारावीनंतर डी.एड. केलेल्या माणसाला सहा वर्षांच्या लेकराच्या कानावर पहिल्यांदा इंग्रजी घालायचं होतं. आणि त्या वयात मूल ऐकतं तसंच्या तसं उचलतं, म्हणजे सगळ्यांत तयार कान हवा तो नेमका तिथे. प्रशिक्षणं झाली. गाणी, कृती, चित्रकार्डं आली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ देण्याचं चांगलं काम केलं, कारण त्यात आवाज येत होता. २०१६ पासून 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे गट महिन्यातून एकत्र बसून इंग्रजीत बोलू लागले. बोलण्याची भीड त्याने मोडली, हे खरंच. पण आपलं मूल 'शिप' ला 'शीप' का म्हणतं, हा प्रश्न मात्र या सगळ्यांच्या कडेनेच राहिला.

परीक्षेत नाही ते वर्गात नाही, हे लातूरला सांगायला नको. दहावीच्या भाषाविषयांना ८० गुण लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. २०१९च्या परीक्षेला ते २० काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. आरडाओरड झाली, गुण परत दिले, आणि २०२०ला निकाल ९५.३० टक्के लागला. निकालाला इतरही कारणं असतात, मान्य. तरी तोंडी परीक्षेत आपण मुलांचं काय ऐकत होतो, याचा अंदाज यायला हे तीन आकडे पुरेत.

'लातूर पॅटर्न'बद्दल इथे उणंदुणं बोलायला मी आलेलो नाही. शाहू महाविद्यालयात त्याची घडण झाली ती प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या हाताखाली, आणि वाघमारे सर इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याची मराठीला ओळख करून देणारे. पॅटर्नचं मर्म काय होतं? जादा तास, पुन्हा पुन्हा सराव, चूक कुठे झाली ते लगेच दाखवणं. उच्चार शिकायलाही अगदी हेच लागतं. पण पर्याय निवडून गोल काळे करण्याच्या परीक्षेत तोंड उघडावं लागत नाही, म्हणून ही सगळी ताकद दुसरीकडे गेली. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत राज्यात वरचा क्रमांक काढलेला मुलगा मुंबईच्या वसतिगृहात पहिले सहा महिने गप्प असतो, हे इथल्या पालकांना माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून गल्लोगल्ली 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'चे फलक आहेत. फाडफाड म्हणजे वेगाने. पाणिनीय शिक्षेत वाईट वाचणाऱ्यांचे सहा प्रकार सांगितलेत, त्यात घाईघाईने वाचणारा आहे. तेव्हा हा रोग जुना दिसतो.

मग शिकवायचं काय? कुठला उच्चार?

पूर्वी उत्तर सोपं होतं. १९१७ साली डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश निघाला आणि दक्षिण इंग्लंडमधल्या खाजगी निवासी शाळांत शिकलेल्यांची बोली जगभराच्या शिक्षकांसाठी नमुना ठरली. १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. आज तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं आहे. मराठवाड्यातल्या अनेक प्राध्यापकांनी तिथला अध्यापनाचा अभ्यासक्रम केला, काहींनी टपालाने केला. तिथे ध्वनिशास्त्र शिस्तीने शिकवत. त्याच संस्थेतल्या आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरचा अभ्यास १९६९ साली निघाला. त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो: भारतीय माणसाचं इंग्रजी ऐकणाऱ्याला कळतं का, आणि कळत नसेल तर नेमकं कशामुळे? छान वाटतं का, हा प्रश्नच नव्हता. आणि अर्थ हरवण्याच्या कारणांत ठळकपणे पुढे आलं ते शब्दावरचा आघात भलतीकडे पडणं.

पुढे कॅनडात मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली दाखवून दिलं, की परकी ढब ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. ढब आणि सुबोधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० साली, म्हणजे आपल्याकडे पहिलीत इंग्रजी आलं त्याच वर्षी, जेनिफर जेंकिन्स यांनी एक पाऊल पुढे टाकलं. इंग्रजी आता जगातले परके लोक आपापसात बोलतात, तर त्यांना एकमेकांचं कळायला कमीत कमी काय लागतं, याची त्यांनी मांडणी केली. त्यात स्वराचं ऱ्हस्व-दीर्घत्व आहे, शब्दारंभीचे 'प', 'ट', 'क' हवेच्या झोतासह म्हणणं आहे, शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरं शाबूत ठेवणं आहे, वाक्यातल्या नेमक्या शब्दावर जोर देणं आहे. आणि जीभ दातांत धरून काढायचे ते दोन ध्वनी, ज्यांच्यावर आपल्या प्रशिक्षणांत सगळ्यात जास्त वेळ जातो, ते यादीत नाहीत. शब्दाच्या आघातालाही जेंकिन्सबाईंनी यादीबाहेर ठेवलं. तिथे मी बन्सल यांच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगतोच.

मराठी मुलाच्या दृष्टीने बघा. 'थ्री' आणि 'ट्री' हे इंग्रजीतले वेगळे शब्द आपल्या तोंडातही वेगळेच राहतात, कारण आपल्याकडे 'थ' आणि 'ट' दोन्ही आहेत. जीभ दातांत गेली नाही म्हणून कुणाचंही काही अडत नाही. जोडाक्षरांचं म्हणाल तर 'स्नान', 'स्थळ' म्हणणाऱ्याला 'स्कूल' जड जात नाही. आपल्याकडे 'इस्कूल' ऐकू येतं त्यात हिंदी-उर्दूचा शेजार जास्त. म्हणजे मराठी मूल इंग्रजीच्या दारात रिकाम्या हाताने येत नाही. पण हा हिशेब शिक्षकाला कुणी मांडून दिलेला नसतो.

तो मांडायला एक माणूस फार लवकर बसला होता. १९५७ साली 'वर्ड' या नियतकालिकात अशोक केळकरांचा 'मराठी इंग्लिश' नावाचा लेख आला. मराठी माणसाच्या इंग्रजी बोलण्याचा, त्याच्या परक्या ढबीचा अभ्यास. केळकर तेव्हा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते आणि मराठीच्या ध्वनी-रूपविचारावर प्रबंध लिहीत होते, तो पुढच्या वर्षी पुरा झाला. मराठी माणसाचं इंग्रजी म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, असं म्हणून सोडून देण्याऐवजी त्यात नियम शोधायला हवेत, असं एका मराठी भाषावैज्ञानिकाला तेव्हाच वाटलं. मी इंग्रजी अध्यापन पद्धतीची आपल्याकडची जी पुस्तकं चाळली आहेत, त्यांत या लेखाचं नाव मला आढळलेलं नाही. ब्रिटिश लेखकांची मात्र रांग असते.

नियम म्हणजे काय, एक तास सांगतो.

निलंगा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. बी.एड.ची विद्यार्थिनी सहावीवर सराव पाठ घेत होती, मी मागे निरीक्षणाची वही घेऊन. पाठ टाचण व्यवस्थित, चित्रं रंगवलेली. तिने फळ्यावर 'फिट' आणि 'फीट' हे दोन इंग्रजी शब्द लिहिले, म्हणून दाखवले. मुलांनी म्हटले. दोन्ही 'फीट'. ती म्हणाली, नीट ऐका. पुन्हा म्हणून दाखवले, जरा मोठ्याने. मुलांनीही मोठ्याने म्हटले. दोन्ही 'फीट'. असं दोनचार वेळा झाल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दोन्हीला एकच म्हणायचं का?" वर्ग हसला. विद्यार्थिनी गोरीमोरी झाली आणि चित्रांकडे वळली.

तास संपल्यावर त्या वर्गाच्या बाई उठल्या. पन्नाशीच्या, मराठी आणि परिसर अभ्यास शिकवणाऱ्या. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "कर्ज फेडून झालं की आपण काय म्हणतो?" मुलगी म्हणाली, "फिटलं." "आता लं गिळून टाक." मुलगी म्हणाली, "फिट." अगदी ऱ्हस्व, टकारावर तुटलेलं, जसं हवं तसं. मग बाईंनी तिला "फूल फुललं" म्हणायला लावलं. 'फुललं' मधलं लं गिळलं, आणि 'भरलेलं' या अर्थाचा इंग्रजी शब्द बाहेर आला. नुसतं 'फूल' म्हटलं तर मूर्ख. वर्ग आता वेगळ्याच कारणाने हसत होता.

त्या बाईंना ध्वनिशास्त्र येत होतं का? नाव माहीत नव्हतं, गोष्ट येत होती. त्यांच्या डोक्यात शुद्धलेखनाचा नियम पक्का होता: अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ. वीस, तीस, फूल, मूल. शब्द वाढला की तोच ऱ्हस्व होतो: विसावा, तिसावा, फुलं, मुलं. हा केवळ लिहिण्याचा नियम नाही, आपल्या तोंडाचीच ती सवय आहे. 'गुण' आणि 'विष' आपण तत्सम म्हणून ऱ्हस्व लिहितो आणि बोलताना बिनदिक्कत लांबवतो. मराठी तोंडाला व्यंजनाने संपणाऱ्या एकाक्षरी शब्दात आखूड 'इ' किंवा 'उ' ठेवणं परकं वाटतं. म्हणून 'शिप'चं 'शीप' होतं, 'पुल'चा 'पूल' होतो. मूल आपल्या भाषेचा नियम पाळत असतं. त्याला 'नीट ऐका' म्हणून काय होणार? ते नीटच ऐकतं, मराठी कानाने.

आघाताचंही तसंच आहे. 'कॅरॅक्टर' हा शब्द आपण कसा म्हणतो? जोर 'रॅ' वर. इंग्रज देतो पहिल्या 'कॅ' वर. 'इंडस्ट्री'? आपला जोर 'ड' वर, त्याचा 'इं' वर. हे असंच का, याचं उत्तर शाळेतल्या वृत्तांच्या धड्यात आहे. जोडाक्षराच्या अलीकडचं अक्षर गुरू. 'क्ट'च्या आधीचा 'रॅ' आणि 'स्ट्री'च्या आधीचा 'ड' यांना आपण गुरू करून टाकतो, कारण मराठीत आघात तिथेच पडतो. मराठीत त्याने अर्थाचं काही बिघडत नाही. इंग्रजी कान मात्र शब्द ओळखताना आधी आघात धरतो आणि मग बाकीचे ध्वनी जुळवतो. आघात हलला की त्याला वेगळाच शब्द ऐकू येतो. 'थ' आपल्या पद्धतीचा असला तर तो चालवून घेतो, आघाताला चालवून घेणं त्याला कठीण जातं. पुण्यातला माणूस लातूरला आला तरी हा प्रश्न येत नाही, कारण दोघांचाही आघात एकाच जागी पडतो. म्हणून भारतात भारतीय इंग्रजी कळतं आणि विमानतळाबाहेर अडकतं. तेव्हा जेंकिन्सबाईंच्या यादीत आघात नसला तरी माझ्या शिक्षकाच्या यादीत तो पहिल्या पानावर राहील.

देवनागरीत इंग्रजी शब्दांचे उच्चार लिहून देण्याची आपली प्रथा आहे. गाइडात असतात. कपिलदेवचा फोटो असलेला रॅपिडेक्सचा जाडजूड कोर्स आपल्यापैकी कितीजणांच्या घरी होता! विद्वान लोक याला नाकं मुरडतात. मला ती प्रथा वाईट वाटत नाही. 'बॅट' आणि 'बॉल' यांच्यासाठी आपण दोन नव्या खुणा करून घेतल्या, त्याने ग्रामीण मुलांचं 'ब्याट' आणि 'बाल' पुष्कळ सुधारलं. कमी आहे ती आघाताच्या खुणेची. आणि ती शोधायला लांब जायला नको. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताला अक्षराखाली आडवी रेघ असते आणि स्वरिताला डोक्यावर उभी. स्वर कुठे चढतो ते दाखवण्याची सोय आपल्या लिपीने केलेली आहे, फक्त ती पूजेच्या खोलीबाहेर आली नाही. वैदिक स्वर आणि इंग्रजी आघात एकच नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण डोक्यावरची ती उभी रेघ 'इंडस्ट्री'च्या 'इं' वर आणि 'डेव्हलप'च्या 'व्ह' वर द्यायला कुणाची हरकत असावी? बालभारतीने मनावर घेतलं तर पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत ही खूण देता येईल. छपाईचा खर्च शून्य.

जाता जाता सांगतो, स्वीटच्या पिढीचं इंग्रजी ध्वनिशास्त्र भारतीय वैयाकरणांच्या ऋणात आहे, हे आपण अभिमानाने म्हणतो असं नव्हे, त्यांनीच लिहून ठेवलं आहे. जे. आर. फर्थ यांनी १९४६ साली ते स्पष्ट म्हटलं. सिडनी ॲलन यांनी १९५३ साली प्राचीन भारतातल्या ध्वनिविचारावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य: पहिलीतलं मूल वर्णमाला पाठ करताना तोंडाचा नकाशा पाठ करत असतं, घशापासून ओठांपर्यंत क्रमाने. शिक्षिकेला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतला फरक सांगायचा तर तिने एवढंच म्हणावं: एक दंतोष्ठ्य, खालचा ओठ वरच्या दातांना, दुसरा नुसता ओष्ठ्य, ओठांचा चंबू. पाणिनीय शिक्षेत अक्षरं कशी उच्चारावीत याला दृष्टान्त आहे तो वाघिणीचा. ती पिल्लं दाढेत धरून नेते तेव्हा पिल्लू पडतही नाही आणि त्याला दातही लागत नाही.

आता इंग्रजीचा विषय बाजूला ठेवतो, कारण दुसरी भाषा म्हटलं की फक्त इंग्रजी आठवावं, हा आपला मराठी मध्यमवर्गीय कल झाला. लातूर-नांदेडच्या सीमेवर हजारो मुलांची दुसरी भाषा मराठी आहे. देवणी-उदगीरकडे कानडी घरं, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू, दोन्ही जिल्ह्यांत बंजाऱ्यांचे तांडे आणि त्यांची गोरमाटी, आणि सगळीकडे उर्दू. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या प्रत्येक माध्यमाच्या शाळेत मराठी सक्तीची झाली. शिकवणारा मराठी शिक्षक मात्र मराठी ही मातृभाषा आहे असंच धरून चालतो. त्याचं प्रशिक्षणच तसं झालेलं असतं.

एकच शब्द घ्या: झाड. मराठी माणूस तो म्हणताना जीभ दातांमागे नेतो आणि महाप्राण देतो. 'झेंडा'तला 'झ' वेगळा, तालव्य. लिपीत दोघांना एकच अक्षर. आपण 'चमचा' म्हणताना दोन्ही 'च' एका जातीचे आणि 'चहा'चा वेगळा, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून आपण कुणाला सांगू शकत नाही. आता उर्दू घरातलं मूल 'झाड' म्हणतं तेव्हा त्याचा महाप्राण ठीक, पण 'झ' हिंदीतल्या 'झाड़ू'चा, तालव्य. तेलुगू घरातल्या मुलाची जागा बरोबर येते, कारण तेलुगूतही 'च-ज'चे असे दोन प्रकार आहेत. पण त्याच्या बोलण्यात महाप्राण नसतो, म्हणून ते 'ज़ाड' होतं. कानडी घरातल्या मुलाचं दोन्हीही चुकतं, साधं 'जाड'. एक शब्द, तीन मुलं, तीन वेगळ्या चुका, आणि वर्गात तिघांनाही औषध एकच: "नीट बोल रे." तेलुगू घरातल्या मुलाच्या बाबतीत तर अर्थही बदलतो, कारण लठ्ठ या अर्थाचा 'जाड' आपण तसाच म्हणतो, आणि वर्गातला लठ्ठ मुलगा उगाच चिडवला जातो. उलट 'बाळ' आणि 'पाणी' म्हणताना कानडी-तेलुगू मूल सरस, त्यांच्या भाषांत 'ळ' आणि 'ण' दोन्ही आहेत. तिथे उर्दू घरातल्या मुलाला मदत लागते. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे त्याला एका तासात कुणाकडे किती वेळ द्यायचा ते कळेल.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश एप्रिलमध्ये निघाला आणि जून संपता संपता मागे घेतला गेला. दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडण झालं. अस्मितेवर झालं, राजकारणावर झालं, मुलांच्या दप्तरावर झालं. शिकवणार कोण आणि त्याला कोणी तयार केलं, हे मी त्या गदारोळात फारच थोड्यांच्या तोंडून ऐकलं.

शिक्षक उच्चार शिकवायचं टाळतात, हे काही मराठवाड्याचंच दुखणं नाही. ऑस्ट्रेलियात, जिथे इंग्रजी घरची भाषा आहे, तिथल्या शिक्षकांवर शेम मॅकडोनाल्ड यांनी २००२ साली लिहिलं, तेव्हा तिथेही उच्चाराच्या बाबतीत नाखुशी आणि अंग चोरणं दिसलं. चांगलं बोलता येणं आणि बोलणं शिकवता येणं यांचा फार थोडा संबंध आहे. लातूरच्या शिक्षकाने आपली 'ढब' आड येते म्हणून लाजायचं कारण नाही, ते म्हणूनच.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. एक वर्ष वाढलं. सूक्ष्म अध्यापनात प्रश्न कौशल्य आहे, प्रबलन आहे, चेतक बदल आहे, फलकलेखनाला तर गुण आहेत. मुलाचं बोलणं ऐकून चूक कुठली ते ओळखण्याचं कौशल्य या यादीत नाही. ते घाला, एवढंच मी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला म्हणतो. नांदेडचं विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं आहे, आणि स्वामीजी हिप्परग्याच्या शाळेत मास्तर होते. घरचे खेडगीकर, जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, म्हणजे कानडी मुलखातला. आपल्या हक्काच्या भाषेत शिकता यावं म्हणून झगडलेल्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठात, सीमेवरच्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास अध्यापकांना कळेल अशा मराठीत नसावा, हे बरं दिसत नाही.

हे काम सुरू करायला निधी लागत नाही. मुरुडच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत येणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. त्याने आपल्या गावातल्या दहा मुलांचं दोन-दोन मिनिटांचं बोलणं मुद्रित करावं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पालकांची परवानगी घेऊन, नावं न लिहिता. वर्गात ते वाजवावं आणि सगळ्यांनी मिळून लिहून काढावं: कुठे इकार लांबला, कुठे आघात सरकला, कुठे महाप्राण गळला, मुलाच्या घरची भाषा कुठली. दुसऱ्याच आठवड्यात नमुने दिसायला लागतील. तीन-चार वर्षांत प्रत्येक तालुक्याची एक वही तयार होईल. निलंग्याची वेगळी, देगलूरची वेगळी, किनवटची आणखी वेगळी. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या हातात नेमणुकीच्या पत्राबरोबर त्या तालुक्याची वही द्यावी. लंडनहून किंवा हैदराबादहून ही वही छापून येणार नाही. आणि पहिल्या वहीत 'फिटलं' आणि 'फुललं'ची युक्ती लिहायला त्या निलंग्याच्या बाईंना बोलवावं, त्या निवृत्त व्हायच्या आत.